नेपच्यूनपर्यंतची हजार पावलं

गाडीचं दार उघडलं आणि चिखलाचा वास आत आला. समुद्र अजून दिसलाही नव्हता. खारफुटीच्या मुळांचा, उन्हात तापलेल्या शेवाळाचा, उलट्या पडलेल्या खेकड्यांचा आणि या सगळ्याखाली कुठेतरी उकडलेल्या अंड्यासारखा तो वास. पंचवीस वर्षांनी तो नाकात शिरला आणि माझे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"मम, व्हॉट्स दॅट स्मेल?" मागच्या सीटवरून ईवाने विचारलं. ईवा माझी मुलगी, नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

"ओहोटीचा वास आहे," मी म्हटलं.

"इट्स डिस्गस्टिंग," ती आनंदाने म्हणाली आणि उडी मारून उतरली.

ब्रूम हे गाव ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर वर डाव्या कोपऱ्यात आहे. आम्ही राहतो वेरिबीला, म्हणजे नकाशाच्या तळाशी. मधे अख्खा देश. इथे पौर्णिमेच्या आसपास ओहोटीची ओली दलदल उघडी पडलेली असते आणि तिच्यावरून चंद्र उगवतो, तेव्हा त्याच्या उजेडाच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात. ते बघायला लोक कुठून कुठून येतात. ईवाच्या वर्गात सूर्यमाला शिकवली तेव्हापासून ती मागे लागली होती. दोन वर्षं मी काही ना काही कारण सांगितलं. या वर्षी कारणं संपली. माझं लहानपण याच गावात गेलंय, हे तिला मी इथे यायच्या आदल्या आठवड्यात सांगितलं.

सगळं लहानपण नाही. दोनच वर्षं. पण लहानपण म्हटलं की मला हीच दोन वर्षं आठवतात.

मी दहा वर्षांची होते, धाकटा जोएल पाच. मम्मी नर्स. इतक्या लांबच्या गावात यायला कुणी तयार नसायचं, म्हणून तिला नोकरी आणि व्हिसा दोन्ही पटकन मिळाले आणि आम्ही वसईहून थेट या लाल मातीत येऊन पडलो. मातीचा तो लाल रंग पायाच्या तळव्यांना लागायचा, चादरींना लागायचा, संध्याकाळी प्रार्थनेला हातात घेतलेल्या रोझरीच्या मण्यांनाही लागायचा. पावसाळ्याआधीचे दोन महिने हवा अशी दाटायची की श्वास घेणं म्हणजे ओला टॉवेल तोंडावर धरण्यासारखं वाटायचं. मग शेजारच्या झाडाचे आंबे पत्र्यावर धाडधाड पडायचे आणि प्रत्येक आवाजाला मी दचकायचे. जोएल हसायचा. त्याला कशाचीच भीती वाटत नसे.

मला मात्र सगळ्याची वाटायची. किनाऱ्यावर मगरीचं चित्र असलेली पिवळी पाटी होती, तिची वाटायची. दुपारी रस्त्यावर कुणीच नसायचं, त्याची वाटायची. पण पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त भीती वाटली ती चंद्राची.

वसईच्या चंद्रावर ससा होता. इथल्या चंद्रावरही होता, पण डोक्यावर उभा. कान खाली, पाय वर. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी धावत घरात गेले.

"पप्पा, चंद्र उलटा झालाय."

पप्पा बाहेर आले. कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कित्येक महिने पाहिलं नव्हतं. "अगं, वाचलं होतं मी हे! शिकवलंसुद्धा होतं. बघितलं आज." ते गुडघ्यावर बसले. "चंद्र तोच आहे. आपण गोळ्याच्या दुसऱ्या अंगाला आलोय, म्हणून तो आपल्याला उलटा दिसतो."

"म्हणजे आपण उलटे लटकतोय?"

"वसईवाल्यांना विचारलंस तर आपण लटकतोय. आपल्याला विचारलंस तर ते."

ते हसत होते. मी त्या रात्री पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून झोपले.

पप्पा वसईच्या एका शाळेत चौदा वर्षं विज्ञान शिकवत होते. इथे त्यांची पदवी चालली नाही. नोंदणी, परीक्षा, फी, पुन्हा अर्ज असं ते गाडं होतं. तोवर ते सुपरमार्केटमध्ये पहाटे माल लावायचे. बटाट्यांच्या गोणी, दुधाचे क्रेट. घरी आले की अंगाला पुठ्ठ्याचा आणि मालाच्या थंड खोलीचा वास यायचा. ते फारसं बोलायचे नाहीत. पण शनिवारी सकाळी मम्मी झोपलेली असायची, तेव्हा ते आम्हा दोघांना लाँड्रीच्या खोलीत न्यायचे. तिला खिडकी नव्हती. दार लावलं की भर दिवसा काळोख. साबणाच्या पावडरीचा वास, वॉशिंग मशीनचं गार पत्र्याचं अंग, आणि मधोमध एक उघडा बल्ब.

"हा सूर्य," पप्पा म्हणायचे. तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. खणखणीत व्हायचा, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "तुझं डोकं म्हणजे पृथ्वी. हे संत्रं म्हणजे चंद्र. हात लांब कर आणि आता हळूहळू गोल फीर."

मी फिरायचे. बल्बकडे पाठ केली की माझ्या हातातलं संत्रं पूर्ण उजळायचं: पौर्णिमा. अजून फिरलं की एका बाजूने खात खात अर्धं व्हायचं, मग कोर. मग ते माझ्या आणि बल्बच्या मधे यायचं. माझ्याकडची बाजू काळीठिक्कर आणि कडेकडेने जळल्यासारखा उजेड.

"आता चंद्र कुठाय?"

"गेला."

"गेला नाही. समोर आहे. त्याचं तोंड उजेडाकडे, पाठ आपल्याकडे. ही अमावस्या. दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं."

जोएल टाळ्या वाजवायचा. मला मात्र ते पाठ फिरवलेलं संत्रं हातातून टाकून द्यावंसं वाटायचं. काहीतरी तिथेच आहे, आपल्याला दिसत नाही, आणि ते आपल्याला धरून आहे. रस्त्याने शाळेत जातानाही मला ते डोक्यावर जाणवायचं.

ग्रहांच्या गोष्टी त्याहून वाईट. शुक्रावर इतकं तापतं की शिसं वितळेल. गुरूवर उभं राहायला जमीनच नाही, पाय टेकावा म्हटलं तर नुसतं आत आत जात राहायचं. शनी एवढा हलका की त्याच्याएवढी बादली मिळाली तर पाण्यावर तरंगेल. आणि सूर्य एक दिवस विझणार. "कधी?" मी विचारलं. "अजून पाचशे कोटी वर्षं आहेत गं." मी पाचशे कोटीवर किती शून्यं ते पाटीवर लिहून पाहिलं आणि तरीही ती मला कमी वाटली.

पप्पांना माझी भीती दिसत नव्हती असं नाही. त्यांना वाटायचं, नीट समजलं की भीती जाते. चौदा वर्षं त्यांनी मुलांना हेच सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत असूनही त्या खोलीत मला असायचंच असायचं. कारण तिथे पप्पा पूर्ण असायचे. दार उघडलं, बल्ब बंद झाला की पुन्हा अर्धे.

शेजारी आंटी रोझ राहायची. साठीची असेल. तिचे पूर्वज या उपसागरावर कधीपासून आहेत याची मोजदाद नाही. ती खडकांवर बसून हातातल्या दोरीने मासे धरायची, आणि जास्त झाले की आमच्या दारात बादली ठेवून जायची. मम्मी त्याचं आंबट तिखट करायची आणि एक वाटी तिच्याकडे पाठवायची. आंटी रोझ पप्पांना 'टीचर' म्हणायची. गावात त्यांना तसं म्हणणारी ती एकटीच होती.

आम्हाला तिथे येऊन दीड वर्ष झालं तेव्हा पप्पांनी ठरवलं की सूर्यमाला खरी दाखवायची. "पुस्तकातलं चित्र खोटं असतं," ते म्हणाले. "त्यात सगळे ग्रह जवळजवळ बसवलेले असतात, लग्नाच्या पंगतीसारखे. खरी अंतरं दाखवायला एवढी मोकळी जागा वसईत कुठे होती? इथे आहे."

आठवडाभर स्वयंपाकघरात तयारी चालली. फुटबॉल म्हणजे सूर्य. फुटबॉल एवढा, तर पृथ्वी केवढी? पप्पांनी वहीत गणित मांडलं आणि मसाल्याच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ही आपण." शुक्रही मोहरी. बुध आणि मंगळ खसखस. गुरू मोठी गोटी, शनी त्याहून थोडी लहान. युरेनस आणि नेपच्यून हिरवे वाटाणे. मम्मीच्या जुन्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या करून बांबूच्या काठ्यांना झेंडे बांधले, कारण मोहरीचा दाणा वाळूत कुणाला दिसणार? आणि पावलं: पृथ्वी सूर्यापासून चौतीस पावलांवर. गुरू पावणेदोनशे. शनी सव्वातीनशे. नेपच्यून हजारावर.

एवढी सपाट जागा फक्त मोठ्या ओहोटीला मिळायची. इथे पाणी जेवढं चढतं-उतरतं तेवढं मी जगात कुठे पाहिलं नाही. उभी तीनमजली इमारत बुडेल आणि पुन्हा कोरडी होईल, तेवढं. वसईला आम्ही बागायतवाले. केळी, फुलं, विहीर. समुद्राचा आवाज घरात यायचा, पण त्याच्याशी देवाणघेवाण कोळ्यांची. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, हे शब्द आमच्याकडे होते, पाणी नव्हतं.

आदल्या दिवशी आंटी रोझ कुंपणाशी उभी होती. "आठवडाभर थांब ना, टीचर," ती म्हणाली. "चंद्र नुकताच गेलाय. पाणी मोठं आहे आणि घाईत आहे."

"अमावस्या काल झाली," पप्पा हसून म्हणाले. "आता जोर उतरणीला लागेल. आणि मला लांब ओहोटीच हवी आहे."

"चंद्र आज ओढतो, पाणी उद्या-परवा येतं," ती म्हणाली. "मी सकाळी खडकावर आहे. मुलं मला दिसतील अशी ठेव."

सकाळी साडेसहाला आम्ही किनाऱ्यावर होतो. मम्मी रात्रपाळीला, अजून यायची होती. हवेत गारवा होता. समुद्र नव्हताच. जिथे आदल्या दिवशी पाणी होतं तिथे क्षितिजापर्यंत राखाडी, चकचकीत, ओली जमीन पसरलेली. तिच्यातून बारीक चुळचुळ आवाज येत होता, लाखो बिळांतून हवा सुटत असल्यासारखा. लांब हजारो पक्षी चिखलात चोची खुपसत होते. सूर्य नुकताच वर आला होता आणि चंद्राचा कुठे पत्ता नव्हता.

पप्पांनी लाल खडकावर फुटबॉल ठेवला. मग मोठ्याने पावलं मोजत निघाले आणि आम्ही मागे. तेरा: बुध. पंचवीस: शुक्र. चौतीस: पृथ्वी. "जोएल, तू पृथ्वी. झेंडा धर. इथून हलायचं नाही." जोएल सैनिकासारखा ताठ उभा राहिला. बावन्नला मंगळ. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. नुसती पावलं आणि चिखलात पाय ओढल्याचा पचक पचक आवाज. गुरू. पुन्हा काहीच नाही. मागे वळून पाहिलं तर फुटबॉल एक ठिपका झाला होता आणि जोएल काडीएवढा. एवढी पोकळी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण पायांना माहीत नव्हतं.

"हा शनी," पप्पा म्हणाले. घाम आला होता त्यांना, डोळे चमकत होते. "तू इथे थांब. मी शेवटपर्यंत जातो. तिथून झेंडा हलवीन, तेव्हा तुला कळेल नेपच्यून केवढा लांब आहे ते. मी परत येईपर्यंत झेंडा सोडायचा नाही. जागेवरून हलायचं नाही. काय?"

"मला पण यायचंय."

"मग शनीवर कोण थांबेल? हलायचं नाही. सांग."

"हलणार नाही."

ते निघाले. मधे एक घळ होती, घोटाभर पाणी असलेली. ती त्यांनी पँट वर करून ओलांडली आणि पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर चढले. त्यांची पाठ लहान लहान होत गेली. मोजण्याचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही थांबला.

मी उभी राहिले. किती वेळ ते मला अजून सांगता येत नाही. बांबू हातात घामाने निसटत होता. मग एकदम सगळे पक्षी उठले. हजारो पंख एकाच वेळी, कुणी भलीमोठी चादर झटकावी तसा आवाज. ते माझ्या डोक्यावरून किनाऱ्याकडे गेले आणि मागे अशी शांतता राहिली की ती चुळचुळसुद्धा थांबली होती.

तेव्हा मला ती घळ दिसली. ती आता रुंद झाली होती आणि तिच्यात आकाश होतं. लाट नव्हती, फेस नव्हता, काहीच आवाज नव्हता. नुसतं आकाश जमिनीवर पसरत चाललं होतं. पप्पांच्या आणि माझ्या मधे. मग ते डावीकडूनही आलं, माझ्या मागून. कोमट पाणी माझ्या पायाच्या बोटांत शिरलं.

"पप्पा!" मी ओरडले. लांब तो ठिपका वळला. दोन्ही हात वर करून हलवू लागला. झेंडा नव्हता हातात, नुसते हात. ये म्हणताहेत का? जा म्हणताहेत का? की नेपच्यून आला, बघ, असं म्हणताहेत? मला कळेना. मी झेंडा घट्ट धरला. हलायचं नाही, मी कबूल केलं होतं.

पाणी घोट्याच्या वर आलं. मला वर सूर्याच्या जवळ कुठेतरी चंद्र दिसत होता. म्हणजे दिसत नव्हता. पाठ फिरवलेला, काळाठिक्कर, आणि सगळा समुद्र उचलून माझ्याकडे ओढत होता.

किनाऱ्यावरून आंटी रोझचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मी वळून पाहिलं आणि दिसलं की पृथ्वी जागेवर नाही. जोएल झेंडा टाकून निघाला होता. किनाऱ्याकडे नाही, माझ्याकडे. भोकाड पसरून, दोन्ही हात पुढे करून, गुरूच्या झेंड्याच्या अलीकडून, मांडीभर पाण्यातून तो माझ्याकडे येत होता.

मी बांबू सोडला. तो पडलेला मी पाहिला नाही. मी धावले, म्हणजे धावायचा प्रयत्न केला. चिखल पाय धरून ठेवायचा आणि पाणी कमरेला ढकलायचं. जोएल एकदा पडला, पाण्याखाली गेला, वर आला. मी त्याचा शर्ट धरला, मग काख, मग त्याला पाठीवर घेतला. त्याने माझा गळा असा आवळला की श्वास येईना. "मगर आहे का?" तो कानात विचारत होता. "ताई, मगर आहे का?" मी उत्तर दिलं नाही. मी मागे वळूनही पाहिलं नाही. वळले असते तर पुढे गेले नसते.

आंटी रोझ कपड्यांनिशी छातीभर पाण्यात आली होती. तिने आम्हाला दोघांना खडकावर फेकल्यासारखं वर ढकललं आणि कुणाच्या तरी नावाने हाक मारत बोटीच्या उताराकडे धावली. तिचा भाऊ तिथे आपली पत्र्याची बोट धूत होता.

मग मी पाहिलं. सगळं पाणी. सपाट, निळं, सुंदर पाणी. आणि त्यात खूप लांब एक काळा ठिपका, नारळाएवढा. पप्पांना पोहता येत नव्हतं.

जोएलचे दात वाजत होते. मी त्याला धरून बसले होते आणि डोळे त्या ठिपक्यावरून काढत नव्हते, कारण मला वाटत होतं की मी बघतेय तोपर्यंतच तो आहे. बोटीचं इंजिन दोनदा सुरू होऊन बंद पडलं. तिसऱ्यांदा लागलं.

त्यांना आणलं तेव्हा ते निळे पडले होते. वाळूच्या उंचवट्याच्या टोकावर, चवड्यांवर, बांबू चिखलात रोवून ते उभे राहिले होते. पाणी हनुवटीला लागलं होतं. उतारावर बसून ते खूप वेळ ओकत होते. मी जवळ गेले नाही. मला वाटलं ते विचारतील, का हललीस? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती खाली घातलेली मान मी पंचवीस वर्षं वाचत राहिले.

मम्मी युनिफॉर्ममध्येच आली. तिने आरडाओरडा केला नाही. आम्हा तिघांना एकामागून एक गरम पाण्याखाली उभं केलं, लहान मुलांना घालावी तशी पप्पांनाही आंघोळ घातली. दुपारी पेज केली. पप्पा ताटलीकडे बघत बसले होते. "पुरे आता," ती एवढंच म्हणाली.

आणि ते खरंच पुरे झालं. पुढच्या शनिवारी लाँड्रीच्या खोलीत फक्त कपडे धुतले गेले. त्याच्या पुढच्याही. गणितांची वही मी एकदा कचऱ्याच्या डब्यात बटाट्याच्या सालींखाली पाहिली, हात घालून काढायचं धाडस झालं नाही. नोंदणीचा अर्ज पप्पांनी पुन्हा केला नाही. वर्ष व्हायच्या आत आम्ही वेरिबीला आलो. पप्पा वेअरहाउसला लागले, तिथूनच रिटायर झाले. चांगले बाप होते, आहेत. गाडी शिकवली, युनिव्हर्सिटीची फी भरली, माझ्या लग्नात नाचले. पण तो खणखणीत आवाज मी पुन्हा ऐकला नाही. आम्ही त्या सकाळबद्दल कधी बोललो नाही. जोएलला तर फार काही आठवत नाही. तो म्हणतो, आपण एकदा भिजलो होतो ना?

या सगळ्याच्या समोर मी आता उभी होते आणि ईवा जवळजवळ शंभर पावलं पुढे गेली होती. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. ओहोटी. तीच राखाडी चमक, तीच चुळचुळ. वर हॉटेलच्या हिरवळीवर लोक पौर्णिमेच्या चंद्रासाठी खुर्च्या मांडत होते. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. मी फोन काढला आणि काय करतेय ते कळायच्या आत पप्पांना लावला.

"बोल गं. जेवलात का?" वेरिबीत सात वाजत आले होते, मागे टीव्ही चालू होता.

"पप्पा, मी ब्रूमला आहे. खाली, किनाऱ्यावर."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"पप्पा, त्या दिवशी तुम्ही हात हलवत होता," मी म्हटलं. हे वाक्य पंचवीस वर्षं तोंडात होतं, ते सहज बाहेर आलं याचंच मला नवल वाटलं. "काय म्हणत होता? मला कळलं नाही. मी तुम्हाला सोडून निघून आले."

ते बोलले, अगदी हळू. "जा म्हणत होतो. घसा फोडून ओरडत होतो, जा, जा म्हणून. आणि तू झेंडा धरून उभी. मी शिकवल्यासारखी उभी. मला मरायची भीती वाटली नाही गं. तू माझं ऐकशील, याची वाटली. तू बांबू टाकलास ना, तेव्हा मी रडलो. म्हटलं, सुटली. त्यानंतर कुणाला काही शिकवायची हिंमतच झाली नाही. मुलं ऐकतात."

मी खाली ओल्या वाळूवरच बसले.

"ईवा कुठाय?" पप्पांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"समोर. थोडी लांब."

"पाणी कधी वळणार?"

"साडेपाचला."

"वेळ आहे, माहीत आहे मला. तरी बोलाव तिला. आत्ता. फोन ठेवू नकोस."

मी उठले, हाक मारली. या वेळी आवाज निघाला, आणि तो इतका मोठा निघाला की हिरवळीवरची माणसं वळून बघायला लागली. ईवा लांबून दोन्ही हात हलवत ओरडली, "मम, इट्स स्टिल गोइंग आउट! आय चेक्ड!"

"ये म्हणते ना!"

ती आली. कुरकुरत, पण धावत. माझा चेहरा पाहून गप्प झाली आणि तिने माझा हात धरला. आम्ही वाळू ओलांडली, खडक ओलांडले, लाकडी पायऱ्या चढू लागलो. फोन कानाला होता. पप्पांचा श्वास ऐकू येत होता, आमच्याबरोबर चढत असल्यासारखा.

"आलात वर?"

"आलो."

"दोघी?"

"दोघी, पप्पा."

मग फोन बाजूला धरून ते घरात कुणाला तरी म्हणाले, "आल्या गं वर," आणि मम्मी काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ईवाने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. खाली समुद्र अजून मागेच सरत होता. वळायला चांगला अर्धा तास होता.